शर्यतीची शर्त

माणसे एकमेकांसमोर उभी राहतात, त्या उभे राहण्याला मराठीत अनेक नावे आहेत. शर्यत, पैज, कुस्ती, झुंज, सामना, लढत, चढाओढ, सवाल-जवाब, तंटा, लढा. शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ सांगायला वापरले जातात. गावात मात्र ते वेगवेगळ्या जागी राहतात आणि त्यांच्यात उठणारी-बसणारी माणसेही वेगळी असतात. 'शर्यत' हा शब्द मूळ अरबी 'शर्त' या शब्दावरून आला. शर्त म्हणजे अट. धावण्याच्या आधी अट ठरते, मग धावणे. आपल्याकडच्या इतिहासलेखनाने धावणाऱ्यांची, जिंकणाऱ्यांची आणि हरणाऱ्यांची पुष्कळ दखल घेतली. अट कोणी घातली, हे विचारण्याची गरज त्याला फारशी वाटली नाही. ज्यांना त्या अटीने मैदानाबाहेर ठेवले, त्यांच्या मुलांना तो प्रश्न विचारणे भाग आहे.

कोणतीही स्पर्धा घ्या, तिच्यात तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. आत कोणी यायचे, नियम कोणी करायचा आणि निकाल कोणी द्यायचा. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून स्पर्धेचे प्रकार पाडले, तर आपल्या समाजाचा इतिहास वेगळा दिसू लागतो. या लेखात मी तेवढेच करणार आहे.

इंदापूर तालुक्यातले वरकुटे हे माझे गाव. माझे आजोबा येसकरपाळी करीत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने मोडली, तोपर्यंत त्यांचे आयुष्य गावाच्या पाळीवर चालले. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आता एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आजोबांकडून ऐकलेल्या जत्रा आणि मी पाहिलेल्या जत्रा यांत फरक पुष्कळ. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी होती. जत्रेची दवंडी आमच्या माणसाने द्यायची. कुस्तीच्या फडात हलगी मांगाने वाजवायची. हलगी तापली की पैलवानाचे अंग तापते, हे कोणीही सांगेल. हलगीशिवाय फड रंगत नाही आणि दवंडीशिवाय माणूस जमत नाही. म्हणजे स्पर्धा उभी करण्याचे काम आमचे, आणि स्पर्धेत उभे राहण्याचा हक्क दुसऱ्याचा. पश्चिम महाराष्ट्राच्या कित्येक गावांतली ही व्यवस्था होती.

यापेक्षाही चमत्कारिक गोष्ट जुन्या गावगाड्यात सापडते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शपथ घेऊन महार शीव चालत जाई आणि तो ज्या वाटेने जाईल ती शीव ठरे. गोतसभेच्या महजरांत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर महारांचीही नावे येतात. ज्याला गावच्या आत घर नाही, त्याच्या पावलावर गावाची हद्द ठरत होती. त्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांत तो कुठेच नव्हता. म्हणून साक्ष देताना त्याचा स्वार्थ आड येण्याची शक्यताही नव्हती. आपले काही विद्वान या साक्षीचा दाखला देऊन महाराला गावात केवढी प्रतिष्ठा होती, असे सांगतात. मला त्यात वेगळे दिसते. ज्याला वाटा मिळणारच नाही, त्याच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवणे व्यवस्थेला परवडते.

आता मानाच्या तंट्याकडे येतो. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून गावोगाव भांडणे होत आली आहेत. वतनाचे आणि मानाचे वाद मराठेशाहीत थेट दिव्यापर्यंत जात. उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी उघडून हात पाहायचा. हात भाजला नसेल तर वतन खरे. आज हे रानटी वाटते. पण त्यातला हेतू ओळखायला हवा. मानाच्या तंट्यात शक्तीची, कौशल्याची किंवा बुद्धीची परीक्षा नसते. कोण श्रेष्ठ हे आधीच ठरलेले आहे, ते फक्त सिद्ध करायचे, अशी त्यामागची समजूत असते. जातिव्यवस्थेला ही स्पर्धा सर्वांत जवळची, कारण तिच्यात कोणी नवे जिंकूच शकत नाही.

आणि हा रोग वरच्यांपुरता राहिला नाही. महार आणि मांग यांच्यात मानपानावरून, लग्नाच्या मिरवणुकीवरून आणि गावकीतल्या हक्कांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले. दोघांनाही गावाबाहेर बसवले होते. तरी वेशीबाहेरच्या त्या अंधारात कोण एक पायरी वर, यावर आम्ही एकमेकांची डोकी फोडत राहिलो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला चढत्या श्रेणीची असमानता म्हटले. वर आदर आणि खाली तिरस्कार, अशी ती शिडी. मानाचा तंटा हा त्या शिडीवरचा खेळ आहे. त्यात खालचा माणूस वरच्याशी झगडत नाही, शेजाऱ्याशी झगडतो.

बैलगाड्यांच्या शर्यतीविषयी अलीकडे बरेच लिहिले गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वर्षांत बैलाच्या वेदनेविषयी बोलले गेले, शेतकऱ्याच्या परंपरेविषयी बोलले गेले. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या होत्या. पण त्या परंपरेत आमचा भाग कोणता होता, हे कोणी विचारले नाही. जिवंतपणी शर्यत जिंकणारा बैल पाटलाचा, आणि मेल्यावर तो ओढून नेण्याचे काम आमचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका असे सांगितले, तेव्हा त्या शर्यतीतली आमची एकमेव नेमणूक आम्ही नाकारली. परंपरेच्या इतिहासात या नकाराचीही नोंद व्हायला हवी.

मानाच्या तंट्याहून कुस्ती वेगळी आहे. तिच्यात जोड लावतात. वजन, वय, तयारी पाहून बरोबरीचा गडी शोधतात. दोघे लाल मातीत उतरतात, हातात हात देतात. खडाखडी होते, आणि कुस्ती निकाली असेल तर कोणाची तरी पाठ मातीला लागते. पैलवानाचा बाप कोण, हे त्या क्षणी माती विचारत नाही. म्हणून कुस्ती ही समतेच्या जवळची स्पर्धा आहे आणि नेमकी म्हणूनच जातीला ती अडचणीची आहे. अंगाला अंग लागल्याशिवाय कुस्ती होत नाही. घाम घामात मिसळतो. ज्याची सावली चालत नाही, त्याची मगरमिठी कशी चालणार? कित्येक फडांत आमच्या पोरांना जोडच मिळत नसे. उघड मनाई कोणी करत नसे. पंच हात वर करून विचारायचे, याच्याशी कोण लढतो? आणि फड गप्प राहायचा. हरवण्याची ही सर्वांत सोपी रीत, समोर यायचेच नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. त्याच राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. जोड बरोबरीची हवी, हे कुस्ती जाणणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

या ठिकाणी आपल्या भाषेने ठेवलेली एक खूण दाखवतो. लहान मुले 'शिवाशिवी' खेळतात. जातीच्या विटाळाला आपण 'शिवाशिव' म्हणतो. शब्द एकच, व्यवहार दोन. खेळात ज्याला शिवले जाते त्याच्यावर राज्य येते. तो दुसऱ्याला शिवतो आणि राज्य दुसऱ्यावर जाते. राज्य फिरत राहते म्हणून खेळ चालतो आणि संध्याकाळी सगळे घरी जातात. जातीच्या शिवाशिवीत राज्य फिरत नाही. जन्मालाच कोणावर तरी ते बसवले आहे आणि त्याने कोणालाही शिवायचे नाही. जो खेळ थांबत नाही आणि ज्यात डाव बदलत नाही, त्याला खेळ म्हणता येत नाही. चौथीतल्या पोराला कळणारी ही गोष्ट आपल्या धर्मशास्त्रांना कळली नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. तिच्या आरंभी दोन गावांमधली जोगणीची चढाओढ येते. दुसऱ्या गावची जोगणी पळवून आपल्या हद्दीत आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला मिळतो. हे धाडस करतो राणोजी मांग. तो जोगणी आणतो आणि त्यात त्याचा जीव जातो. जत्रा गावाला मिळते. अभ्यासक्रमात हा भाग शौर्याचा नमुना म्हणून शिकवला जातो आणि शौर्य तर तिथे आहेच. मी वर्गात विद्यार्थ्यांना पुढचा प्रश्न विचारतो. राणोजीने जत्रा जिंकली, पण त्या जत्रेत त्याच्या पोरांची जागा कोणती? गावाच्या वतीने लढणे आणि गावाचा असणे यांत अंतर आहे. अण्णा भाऊंनी ते अंतर ओळखले होते. म्हणूनच त्यांची कादंबरी राणोजीच्या मरणावर थांबत नाही, ती फकिराकडे जाते आणि फकिराची लढाई गावाच्या मानासाठी उरत नाही, उपाशी माणसांच्या भाकरीसाठी होते.

शब्दांचीही स्पर्धा आपल्याकडे होती. कलगी आणि तुरा. तुरेवाले शिवाला मोठे म्हणत, कलगीवाले शक्तीला. एका फडाने कवनातून कोडे टाकायचे, दुसऱ्याने कवनातूनच ते सोडवायचे. सोडवता आले नाही तर हार. निकाल देणारे समोर बसलेले श्रोते. तमाशाच्या बोर्डावर महार-मांग कलावंतांची संख्या मोठी होती आणि पठ्ठे बापूराव म्हणून गाजलेले श्रीधर कुलकर्णी जात सोडून त्याच बोर्डावर आले. वेद ऐकण्याचा ज्यांना अधिकार नव्हता, ते पुराणातली कोडी एकमेकांना घालत होते आणि हजार माणसे कान देऊन ऐकत होती. पण कोडी पुराणातली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. नियम त्यांचाच होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा सवाल बदलला. शिव मोठा की शक्ती, याऐवजी पाणवठा कोणाचा, शाळा कोणाची, असे सवाल बोर्डावर आले. त्यांना जवाब देणे पुराणाच्या हाती नव्हते.

आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचे गोल रिंगण होते. घोडे धावतात, वारकरी धावतात, पण कोणी जिंकत नाही. घोड्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. स्पर्धेचे रूप घेऊन स्पर्धा टाळणारा हा प्रकार मला लहानपणापासून आवडत आला आहे. तरी या रिंगणाच्या पुढच्या वाटेवर पंढरपूर आहे. तिथे चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि ते दार आमच्यासाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. धावताना सारे सारखे आणि पोचल्यावर कोणी पायरीशी, असा हा हिशोब होता. जिथे जिंकणे-हरणे नाही, तिथेही आत येण्याचा प्रश्न सुटतोच असे नाही.

आत येऊन, जिंकूनही काय होते, याचे उत्तर पाळवणकर बाळू यांच्या चरित्रात आहे. चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत. तिथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते हिंदुस्थानातले अग्रगण्य डावखुरे गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण इंग्रजांना हरवायचे होते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. चेंडू शिवलेला चालत होता, माणूस चालत नव्हता. क्रिकेट हा अंगाला अंग न लावता खेळायचा खेळ, म्हणून तर हे दुटप्पी वागणे त्यात खपले. कुस्तीत ते खपले नसते.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तिथे त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. त्या नकाराचा परिणाम झाला, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघ जिंकला. वाचकांनी हा क्रम नीट पाहावा. बाळूंनी बळी घेतले, त्याने बाळूंना मान मिळाला नाही. भावांनी मैदान सोडले, त्यानंतर घराण्याला कर्णधारपद मिळाले. गुणाने दार किलकिले झाले, उघडले ते नकाराने.

इथून आपण लढ्याकडे येतो. शर्यतीत नियम मान्य करून जिंकायचे असते. लढ्यात नियमच पणाला लागतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, ती तहानेची गोष्ट नव्हती, हे बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. प्रश्न होता आपण माणसांत गणले जातो की नाही हा. त्या वर्षाच्या डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी दावा लावला, तळे खाजगी आहे म्हणून. तो दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल लागला. ओंजळभर पाण्याचा निकाल यायला दहा वर्षे लागली. पण त्या दहा वर्षांत अस्पृश्य माणूस पक्षकार झाला. शिवेच्या तंट्यात जो नुसता साक्षीदार होता, तो आता स्वतःच्या दाव्यात उभा होता.

नाशिकचा काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्यातला रथाचा प्रसंग मला या संदर्भात विशेष बोलका वाटतो. एप्रिलमध्ये रथयात्रेच्या दिवशी तडजोड अशी ठरली की दोन्ही बाजूंच्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. आपल्या बाजूची माणसे दोराला हात लावण्याआधीच सवर्णांनी रथ पळवला. दगडफेक झाली, लोक जखमी झाले. शर्यत या शब्दाचा मूळ अर्थ इथे आठवावा. शर्त ठरली होती, दोन्ही बाजूंनी मान्य केली होती, आणि धावण्याआधीच ती मोडली गेली. ज्यांच्या हातात रथ आहे, त्यांच्या शब्दावर किती विसंबायचे, हा प्रश्न त्या दिवशी नाशिकच्या रस्त्यावर विचारला गेला. अडीच वर्षांनी तोच प्रश्न येरवड्याला आला.

निवडणूक ही आधुनिक काळातली स्पर्धा. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि ७१ जागा दिल्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतून सगळ्यांनी एक. आपल्या तीन प्रश्नांच्या भाषेत सांगायचे तर आत येणाऱ्यांची संख्या दुपटीहून वाढली आणि निकाल देणारा बदलला. उमेदवार आमचा, पंच गावाचा. या करारावर सही करणाऱ्यांत पाळवणकर बाळूही होते.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबईत भायखळा-परळच्या मतदारसंघात बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळूंना कोणी गद्दार म्हणू नये. ते थोर खेळाडू होते आणि आपल्या समाजाचा अभिमान त्यांनी आयुष्यभर वाहिला. पण त्या लढतीत दोन मार्ग समोरासमोर आले होते. एक मार्ग मैदानात गुण दाखवून मान मिळवण्याचा, दुसरा मैदानाचे नियम बदलण्याचा. स्वतः बाळूंच्या घराचा १९२० चा अनुभव दुसऱ्या मार्गाच्या बाजूने साक्ष देत होता. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून १४ हजारांहून अधिक मतांनी हरले. राज्यघटनेचा मसुदा ज्याने घडवला, त्याला संयुक्त मतदारसंघाने घरी बसवले. मतदारांची बेरीज आणि समाजाची गरज यांचे उत्तर एकच येईल असे नाही, हे त्या निकालाने दाखवले.

गावपातळीवर याची दुसरी तऱ्हा पाहायला मिळते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत राखीव जागा आल्या. सरपंचपद राखीव पडले की कित्येक गावांना एकाएकी एकोप्याचे महत्त्व पटते आणि निवडणूक 'बिनविरोध' होते. बिनविरोध हा शब्द ऐकायला गोड आहे. पण जिथे लढत दिसत नाही, तिथे ती आधीच कोणाच्या तरी वाड्यावर होऊन गेलेली असते, एवढेच. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. लिलाव हीदेखील एक स्पर्धाच. तिच्यात आत येण्याची अट पैसा आहे आणि ती अट कोणत्याही मनुस्मृतीइतकीच पक्की आहे.

आता आजच्या स्पर्धेकडे येतो, जिच्या नावातच स्पर्धा आहे. इंदापूर-बारामतीकडची आमची पोरे पुण्याला पेठांतल्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षा देतात. एका खोलीत चार-पाच, मेसचा डबा, घरून उसाच्या बिलावर किंवा मजुरीवर येणारे पैसे. २०२३ च्या सुरुवातीला लोकसेवा आयोगाच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीविरुद्ध पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि ती पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. ही घटना मी वर्गात सांगतो, कारण त्यात शर्यतीतल्या धावपटूंनी शर्तीला हात घातला.

या मुलांना 'गुणवत्ता' हा शब्द काठीसारखा दाखवला जातो. मीही तो ऐकला आहे. एका मुलाखतीत माझ्या गुणपत्रिकेआधी माझा प्रवर्ग वाचला गेला. गुणवत्तेच्या या कैवाऱ्यांना मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतो. ते मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ साली लंडनला गादीवर लढले आणि सहावे आले. चार वर्षे गादीचा सराव केल्यावर १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. चार वर्षांत त्यांच्या रक्तातली गुणवत्ता वाढली, असे कोणी म्हणणार नाही. पायाखालची गादी ओळखीची झाली. आमच्या घरात वाचायला पहिले पुस्तक मीच आणले. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत, त्याच्या पायाखाली गादी आहे. आरक्षण म्हणजे जोड बरोबरीची लावणे. कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला हे समजायला अडचण पडू नये.

पण दुसऱ्यांना एवढे ऐकवून आपण थांबू शकत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की अनुसूचित जातींमध्ये राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. तो दिवस अण्णा भाऊंच्या जयंतीचा होता. निकालानंतर आमच्या तालुक्यात, आमच्या महाविद्यालयात, आमच्या कट्ट्यांवर जे बोलणे ऐकू आले, त्यात मला जुन्या मानाच्या तंट्याचा वास आला. कोण शिकले, कोणी बळकावले, कोणाची लायकी काय, असले शब्द दोन्हीकडून आले.

उपवर्गीकरण करावे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जागाच कमी होत असताना वाटे पाडण्यात काय अर्थ, हा प्रश्न खरा आहे. शिक्षण आणि नोकरी अजून आपल्या दारी आलीच नाही, हे मातंग, ढोर किंवा मेहतर समाजातल्या तरुणाचे म्हणणेही तितकेच खरे आहे. त्याला उत्तर देताना आपण 'गुणवत्ता' हा शब्द वापरला, तर बाळूंना बाहेर चहा देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू. चळवळीचा फायदा ज्यांना आधी मिळाला, त्यांनी हिशोबाची वही आधी उघडावी. कोणत्या जातीत किती पदवीधर, किती नोकऱ्या, किती घरे अजून झाडूशी बांधलेली, हे आकडे सरकारकडून मिळून मागावेत. मिळून मागितले तर तो लढा होईल. एकमेकांविरुद्ध मागितले तर तो तंटा होईल आणि पंच पुन्हा गावचाच असेल.

स्पर्धा वाईट असते असे मला म्हणायचे नाही. कुस्तीतली निकोप चुरस, फडावरचा सवाल, परीक्षेतली मेहनत यांनी माणूस घडतो. माझे विद्यार्थी जिंकावेत अशी माझी इच्छा असते आणि ते जिंकले की मला आनंद होतो. पण जिंकणाऱ्याने पुढच्या मुलासाठी शर्त थोडी सोपी आणि थोडी न्याय्य करून ठेवली नाही, तर ते जिंकणे त्याच्यापुरतेच राहते. विठ्ठल आणि शिवराम यांना १९२० साली संघात जागा होती. ते खेळू शकले असते. मोठ्या भावाला बाहेर ठेवलेल्या मैदानात उतरायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आज यादीतल्या ५९ जातींपैकी कोणाचे भाऊ अजून बाहेर उभे आहेत, हे पाहण्याचे काम आत पोचलेल्या आपल्या सगळ्यांवर आहे.